पाकिटावरचा ‘हर्बल टी’ गेला, पण पातेल्यातल्या काढ्याचे काय?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २४ डिसेंबर २०२५ रोजी एक खुलासा काढला. ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या झुडपापासून, म्हणजे आसाम-दार्जिलिंगच्या मळ्यांत वाढणाऱ्या नेहमीच्या चहाच्या झाडापासून, जे तयार होते त्यालाच चहा म्हणता येईल, असे त्यात म्हटले आहे. इतर वनस्पतींच्या पाकिटावर ‘हर्बल टी’ किंवा ‘फ्लॉवर टी’ छापणे ही ग्राहकाची दिशाभूल समजली जाईल. या हिशेबाने आपला गवती चहासुद्धा चहा नव्हे! या बातमीवर बरीच थट्टा झाली. पण डॉक्टर म्हणून मला या शब्दाच्या भांडणात एक खरा मुद्दा दिसतो.

मराठीत हे दोन शब्द आधीपासूनच वेगळे आहेत. चहा रोज घ्यायचा, काढा दुखण्यापुरता. सर्दी-खोकला झाला की आजी चार दिवस काढा देई आणि पाचव्या दिवशी पातेले घासून ठेवी. काढ्याला ‘चहा’ म्हणायला लागल्यापासून तो रोज सकाळी, वर्षभर, घरातल्या सगळ्यांनी घ्यायची वस्तू झाला. धोका सुरू होतो तो इथे.

करोनाच्या काळात काय घडले ते आठवा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या ‘आयुष क्वाथा’त चारच गोष्टी होत्या: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १. मात्रा होती ३ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. त्यात गुळवेल नव्हती. गुळवेलीचा उल्लेख ऑक्टोबर २०२० च्या वेगळ्या मार्गदर्शक सूचनांत आला, तोही ठरावीक मात्रेत, १५ दिवस ते महिनाभरासाठी. घरोघरी मात्र सगळे एकाच पातेल्यात गेले. मात्रा अंदाजाने आणि मुदत नाहीच.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्यांतल्या एका महिलेचा मृत्यू झाला. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे आधी तपासायला हवे होते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. चित्र तसेच होते. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते असे मानले जाते. ज्यांच्या शरीरात ही शक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याची प्रवृत्ती लपलेली असते, त्यांच्यात यकृताचा सुप्त आजार उफाळून येतो, असा या डॉक्टरांचा निष्कर्ष आहे. बहुतेक रुग्ण गुळवेल बंद केल्यावर सावरले, काहींना स्टेरॉइड द्यावे लागले.

माझे मत विचाराल तर मंत्रालयाचा आक्षेप आणि डॉक्टरांचा इशारा, दोन्ही तुमच्या कामाचे आहेत. असा त्रास सरसकट होत नाही, थोड्यांनाच होतो. पण ते थोडे कोण, हे आधी कळत नाही. थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार, संधिवात, सोरायसिस किंवा यकृताचा कुठलाही जुना आजार असेल, तर गुळवेल स्वतःहून घेऊ नका.

आता आक्षेपाची बाजू, म्हणजे वनस्पतीची ओळख. जुन्नर तालुक्यातले खोडद बाहेरच्यांना महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे, जीएमआरटीमुळे, माहीत आहे. काढ्याच्या दृष्टीने मात्र हा नारायणगावजवळचा बागायती पट्टा आहे. इथे गुळवेल कडुलिंबावर किंवा कुंपणावर चढलेली सापडते. पाने बदामाच्या आकाराची, केस नसलेली. खोडावरची साल कागदासारखी सुटते आणि आत हिरवे दिसते. वरून दोऱ्यांसारखी मुळे लोंबतात. खोडावर दाट, ठळक गाठी-फोड असतील तर ती क्रिस्पा असू शकते. ती तोडू नका. खात्री नसेल तर जाणत्या वैद्यांना दाखवा. पश्चिमेकडे नाणेघाट-भीमाशंकरच्या डोंगरात हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासी बांधवांना झाडांची जी पारख असते, ती मोबाइलवरच्या फोटोतून येत नाही. शिवाय भीमाशंकर हे अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही तोडून आणता येत नाही.

बागायती भागात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. गवती चहा, तुळस, अडुळसा आपण बांधावर लावतो आणि बांधाच्या आत टोमॅटो असतो. टोमॅटोवर फवारलेले औषध वाऱ्याने बांधावर येतेच. बाटलीवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे ते लिहिलेले असते, पण ते टोमॅटोसाठी; तुमच्या गवती चहाचा हिशेब त्यात धरलेला नसतो. काही औषधे पानाच्या आत शोषली जातात, ती धुऊन किंवा उकळून जातीलच असे नाही. म्हणून काढ्याची झाडे घराजवळ, कुंडीत किंवा परसात लावा. जागेचा हा एक बदल ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या महागड्या पाकिटापेक्षा उपयोगी आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. गवती चहा, तुळस, आले रोजच्या चहात घालतो तेवढ्या प्रमाणात बहुतेकांना चालतात. ज्येष्ठमध रोज घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते; बीपीची किंवा हृदयाची औषधे चालू असणाऱ्यांनी टाळावा. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध तयार झाले, पण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदरपणात अडुळसा नको. गुळवेलीने साखर उतरू शकते, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर हे ध्यानात ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाला काढा देऊ नये आणि मधाचे बोटही लावू नये.

काढा घेत असताना भूक गेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. कावीळ उतरवायला दुसरा काढा सुरू करू नका. औषधे कोणती चालू आहेत असे विचारल्यावर रुग्ण बीपीची गोळी सांगतात, काढा सांगत नाहीत. त्यांच्या लेखी ते औषधच नसते. तेव्हा दवाखान्यात येताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर काढ्याची पुडीही आणा आणि वेल कुंपणावरची असेल तर पानासकट एक तुकडा पिशवीत घालून आणा.