हिशेबाची वही दोघांची

चिकमगळूरच्या कॉफीमळेवाल्या घरातले व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान थाटले. देशभर शाखा झाल्या, तसे कर्जही वाढले. जुलै २०१९ मध्ये ते गेले. डिसेंबर २०२० मध्ये पत्नी मालविका हेगडे यांनी कारभार हाती घेतला. संचालक मंडळावर त्या आधीपासून होत्या. धंदा त्यांना परका नव्हता. तोट्यातली दुकाने बंद झाली, कर्ज उतरत गेले.

आम्हाला यात आपली घरे दिसतात. दुकान अब्बांचे; देणे कुणाचे किती, हे अम्मीला कळते ते जनाजा उठल्यावर, देणेकरी दारात आल्यावर. भगिनींनो, आजच जेवणानंतर वही मागा. भाईजान, तुम्ही ती न मागता पुढे करा.