मुक्कामी गाडी आणि आपले शिक्षण

महाविद्यालय कोठे सुरू होते, असे विचारले तर कोणीही प्रवेशद्वाराकडे बोट दाखवील. माझे मत थोडे निराळे आहे. आपल्यापैकी कितीतरी मुलामुलींचे महाविद्यालय उमरेड, कुही, काटोल, सावनेर, रामटेक या बाजूंच्या एखाद्या फाट्यावर सुरू होते. सकाळची एसटी आली तर त्या दिवशी महाविद्यालय आहे. नाही आली तर नाही. शिक्षणाच्या प्रसारावर आपण वक्तृत्व स्पर्धांत पुष्कळ बोलतो, पण त्या प्रसाराला चार चाके लागतात, हे मात्र कोणी बोलत नाही.

१ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे अशी पहिली एसटी धावली, तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि ‘रस्ता तिथे एसटी’ हे ब्रीद आपल्याही वाट्याला आले. या ब्रीदाचे सर्वांत प्रामाणिक रूप म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी ती आडगावात जाते, चालक-वाहक तेथेच रात्र काढतात आणि पहाटे गावाला घेऊन शहराकडे निघतात. या फेरीत दूधवाला असतो, दवाखान्यात जाणारी म्हातारी असते, तारखेला निघालेला पक्षकार असतो आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेला विद्यार्थी असतो. हिशेबाच्या वहीत ही फेरी बहुधा तोट्याचीच दिसणार. पण गावाच्या हिशेबात?

कोणी म्हणेल, एसटी नसली तर काळी-पिवळी आहेच की! काळी-पिवळीचा मी वैरी नव्हे. हात दाखवाल तेथे ती थांबते, बाजाराच्या दिवशी पोती-पिशव्यांसह सर्वांना सामावून घेते आणि गावातल्या चार तरुणांना पोटाला लावते. एसटी निघून गेल्यावर ‘गाडी गेली का जी?’ असे विचारत धावत येणाऱ्याला तिचाच आधार. पण तिचा धर्म वेगळा आहे. ती घड्याळावर चालत नाही, माणसांवर चालते. भरल्याशिवाय हलत नाही. तेथे आपला पासही चालत नाही. रिकाम्या रस्त्यावर, पावसाळ्यातल्या अंधारात, तीन प्रवाशांसाठी निघण्याचे बंधन तिच्यावर नाही आणि ते घालणेही न्यायाचे होणार नाही. ते बंधन सार्वजनिक सेवेचे आहे. म्हणूनच ती सार्वजनिक.

याचा प्रत्यय २०२१-२२ च्या संपात आला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांची मागणी शासनात विलीनीकरणाची होती. गाड्या आगारात उभ्या राहिल्यावर एसटीची खरी किंमत कोणाला कळली? ज्याच्या दारात मोटारसायकल होती त्याला नव्हे. त्यातच आपल्या बाजूची नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ सालीच बंद झाली होती. उमरेड-भिवापूरकडच्यांना तो आधारही उरला नव्हता.

सवलतींचे मी स्वागतच करतो. विद्यार्थ्याला पासासाठी भाड्याच्या एकतृतीयांशच रक्कम भरावी लागते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. पण सवलतीचे मोल गाडी आल्यावरच. फेरीच रद्द झाली तर अर्धे काय आणि पूर्ण काय! मुलाची फेरी चुकली तर तो कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून येतो. मुलीची फेरी वारंवार चुकू लागली, की घरात शिक्षणाची चर्चा थांबते आणि स्थळांची सुरू होते. वेळापत्रकातली एक ओळ खोडली जाते तेव्हा कोणाचे काय खोडले जाते, याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

आपले नागपूर आता सातशे एक किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मुंबईशी जोडले गेले आहे. उत्तम झाले. परंतु १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात गर्देवाडा-वांगेतुरी भागात एसटी पोहोचली, तिचे उद्घाटन करायला मुख्यमंत्री गेले आणि लोकांनी तिचे कौतुक केले, हेही विसरू नये. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी आलेली ती लाल गाडी मला महामार्गाइतकीच मोठी बातमी वाटते.

मग आपण काय करावे? निव्वळ शासनाला दोष देऊन लेख संपविणे सोपे आहे. माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्या विद्यार्थी मंडळासाठी : दरवर्षी जून-जुलैमध्ये पासधारक विद्यार्थ्यांची गावे, फेऱ्या आणि त्यांच्या वेळा यांची यादी करावी व ती त्या त्या आगार व्यवस्थापकांकडे प्राचार्यांच्या सहीने पाठवावी. ‘गाडी येत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘या फेरीवर आमची इतकी मुले अवलंबून आहेत’ हा कागद अधिक बोलतो. दुसरी गुरुजनांसाठी : पहिल्या तासाची वेळ ठरविताना आपल्या घड्याळाबरोबर एसटीचेही घड्याळ पाहावे. उशिरा दारात उभा राहिलेला प्रत्येक विद्यार्थी आळशी नसतो. काहींनी आपल्या सर्वांच्या आधी दोन तास दिवस सुरू केलेला असतो.

मित्रहो, फायद्याच्या मार्गावर कोणीही गाडी चालवील. तोट्याच्या मार्गावरची गाडी समाज चालवतो. पहाटे आडगावातून निघणारी ती धुळीने माखलेली गाडी चालू ठेवायची की नाही, हा प्रश्न एकट्या महामंडळाचा नाही. आपल्या वर्गात उद्या कोण बसणार, याचा तो प्रश्न आहे.