दोन कलांचा संसार

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अनेक गोष्टींत मन घालणाऱ्या माणसाला हटकून ऐकवली जाते. कलावंताच्या बाबतीत तर हा निवाडा अधिकच कठोर असतो. साधना एकचित्ताने करावी, हे खरेच. परंतु एकचित्त होणे म्हणजे जन्मभर एकाच कलेला बांधून घेणे, असा अर्थ काढणे योग्य नव्हे. कोलकात्याच्या अंजन दत्त यांची कारकीर्द हेच सांगते.

१९५३ साली जन्मलेले दत्त रसिकांपुढे आले ते नट म्हणून. मृणाल सेन यांच्या ‘चालचित्र’ या १९८१ च्या चित्रपटात वृत्तपत्रात नोकरी मिळवू पाहणारा तरुण त्यांनी रंगवला. त्या भूमिकेसाठी व्हेनिसच्या महोत्सवात नवोदित अभिनेता म्हणून त्यांचा गौरव झाला. पुढच्याच वर्षी ‘खारिज’मध्ये, घरातील पोरसवदा नोकराच्या मृत्यूने हादरलेला मध्यमवर्गीय गृहस्थ त्यांनी उभा केला. असा नट चाळिशी उलटल्यावर गिटार घेऊन गाऊ लागला. १९९४ मध्ये त्यांचा ‘शुनते की चाओ’ हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा ही वाट अनेकांना आडवळणाची वाटली असेल.

मात्र ती गाणी ऐकताना नट कोठेही हरवलेला दिसत नाही. ‘बेला बोस’ या गीतात नोकरी लागल्याची वार्ता प्रेयसीला सांगण्यासाठी एक तरुण टेलिफोनवर धडपडतो. पलीकडचा आवाज ऐकू येतच नाही. तीन-चार मिनिटांचा हा एकपात्री प्रयोगच म्हटला पाहिजे. बालगंधर्वांच्या पदांत गायन कोणते आणि अभिनय कोणता, हे वेगळे काढू न शकणाऱ्या मराठी रसिकाला याचे नवल वाटू नये.

याला दुसरी बाजूही आहे. वाद्यावरील प्रभुत्वात दत्त यांची तुलना कोलकात्याचे रॉक गिटारवादक अमित दत्त यांच्याशी कोणी करणार नाही. त्यांनी आपले आयुष्य तारांनाच वाहिले. दोन कलांचा संसार मांडणाऱ्याला ही किंमत मोजावीच लागते. ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

हे दोन्ही प्रकारचे कलावंत २०११ च्या ‘रंजना आमि आर आशबो ना’ या चित्रपटात एकत्र आले. अंजन दत्त यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि उतारवयाकडे झुकलेल्या रॉक गायकाची भूमिकाही केली. अमित दत्त, बास गिटारवादक लू हिल्ट आणि ड्रमवादक नंदन बागची हे पडद्यावरही वादक म्हणूनच वावरले. वाद्यावर वर्षानुवर्षे फिरलेल्या बोटांची सहजता उसनी आणता येत नाही. ती या चित्रपटाला त्यांच्याकडून लाभली. सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्याच्या संगीतासाठी अंजन दत्त यांचे पुत्र नील दत्त यांचाही सन्मान झाला.

पुढे २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चालचित्र एखोन’मध्ये अंजन दत्त यांनी मृणाल सेन यांच्यावर बेतलेली व्यक्तिरेखा स्वतः साकारून आपल्या पहिल्या गुरूला वंदन केले. संगीताकडे वळलेला हा नट अभिनयाला पारखा झाला नव्हता.

एखाद्या मुलाला गाण्याचीही ओढ असते आणि नाटकाचीही. ‘यातले एक काय ते ठरव,’ असे त्याला दरडावण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. दोन्हींसाठी घाम गाळण्याची त्याची तयारी आहे का, एवढेच पाहावे. तशी तयारी असेल, तर त्या चिंध्या राहत नाहीत. त्यांची ऊबदार गोधडी होते.