माळावरचं गवत कुणाच्या सातबाऱ्यावर?

माळढोकाच्या नावावर सातबारा नाही. आपल्या बहुतेकांच्या नावावरही नाही. म्हणून हे संपादकीय माळढोकावर लिहितोय.

पोरं म्हणतील, संपादक येडा झाला काय? घरात खायला नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, गावात अजून वरातीवर दगड पडतात, आणि हा पाखरं मोजत बसलाय. म्हणा. पण ऐकून घ्या. जिथं जिथं जनावरांसाठी जमीन राखायची योजना निघते, तिथं तिथं जमिनीची नव्यानं वाटणी होते. आणि वाटणीच्या वेळी आपण हजर नसलो की काय होतं हे आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगलंय.

योजना कशी असते बघा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात फोर्ट ब्रॅग हा लष्कराचा मोठा तळ आहे. तिथल्या पाइनच्या रानात एक दुर्मिळ सुतारपक्षी राहतो. १९९० च्या दशकात त्याच्यामुळं तिथल्या सरावावर बंधनं आली. रणगाडा इकडं नेऊ नका, खंदक तिकडं खणू नका. तळाबाहेर घरं आणि कारखाने वाढत चाललेले, म्हणून पाखराला दुसरीकडं जायला जागा नाही. मग लष्करानं डोकं चालवलं. शेजारच्या जमीनमालकाला पैसे द्यायचे. जमीन त्याचीच, शेती त्याचीच, लाकूड त्याचंच. फक्त त्यानं तिथं प्लॉट पाडायचे नाहीत. २००२ साली याचा कायदा झाला. २०१३ साली संरक्षण, शेती आणि अंतर्गत कारभार अशी तिकडची तीन खाती एकत्र आली आणि तळांच्या भोवतालचे मोठे पट्टे अशा रीतीनं राखायला लागली. मालकाला पैसा, पाखराला रान, लष्कराला गोळीबाराची मोकळीक. तिघंही खूश. ती जमीन त्या मालकाच्या आधी कुणाची होती हे तिथल्या मूळ रहिवाशांना विचारा, ते वेगळं सांगतील.

आपल्याकडंही असा कारभार आणा, असं आता शिकलेली माणसं बोलतात. वाईट बोलत नाहीत. तोफेच्या पल्ल्यात कुणी बंगला बांधत नाही, कुणी ट्रॅक्टर घालत नाही. म्हणून तिथलं गवत टिकतं, गवतावरचं जनावर टिकतं. राजस्थानात पोखरणच्या गोळीबार क्षेत्रात माळढोक अजून जगून आहे. सगळ्या देशात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरलाय, आणि त्यातले काही तोफांच्या शेजारी राहतात. माणसाच्या लोभापेक्षा तोफ त्याला परवडली.

पण मालकाला पैसे द्या, हे वाक्य महाराष्ट्रात आणलं की ते कुणाच्या घरात जाऊन बसतं?

नगर जिल्ह्याकडं बघा, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. तिथं खारे कर्जुन्याच्या माळावर लष्कराची के. के. रेंज आहे. रणगाड्यांचा सराव तिथं चालतो. नगर, राहुरी, पारनेर या तीन तालुक्यांतली गावं तिच्या छायेत राहतात. राहुरीच्या माणसानं आधी मुळा धरणाला जमीन दिली, मग कृषी विद्यापीठाला दिली. २०२० साली रेंज वाढणार म्हणून तेवीस गावांत भीती पसरली, सभा झाल्या, पुढारी दिल्लीला संरक्षणमंत्र्यांकडं गेले. बागायतदाराचा आवाज दिल्लीपर्यंत गेला, चांगलं झालं. पण त्याच गावांत ज्याच्याकडं ना विहीर ना ऊस, जो दुसऱ्याच्या बांधावर खुरपतो आणि ज्याची दोन शेरडं माळावर चरतात, त्याचं काय जाणार होतं, हे कुणी मोजलं? त्याचं काही जातच नाही, कारण कागदावर त्याचं काही नव्हतंच.

तो माळावर जातो, भंगार वेचतो. तोफगोळ्याचं लोखंड आणि पितळ किलोवर विकलं जातं. न फुटलेला गोळा हातात फुटून माणसं मेल्याच्या बातम्या त्या भागातून येत आल्यात. बातमीत लिहितात, मनाई असताना आत शिरला. का शिरला हे लिहीत नाहीत. ज्याच्या घरात सहा महिन्यांचं धान्य आहे तो माणूस गोळा वेचायला जात नाही, एवढं समजायला पत्रकार असावं लागत नाही.

आता माळढोकाच्या अभयारण्याची गोष्ट. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन सरकारनं एका फटक्यात अभयारण्य म्हणून जाहीर केली. त्यात गावं, शेतं, रस्ते, बाजार सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडकले, विहिरी अडकल्या, लोक त्या पक्ष्याला शिव्या घालायला लागले. पुढं ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर पाखरू गेलं होतं. नान्नजच्या माळावर आता माळढोक दिसला तर बातमी होते. कागदावर एवढं मोठं रान मांडलं, पण ज्या गुराख्याच्या डोळ्यासमोर त्याची अंडी असतात त्याला सरकारनं सोबत घेतलं नाही. त्याच्या चुलीशी या पाखराचं काही नातं जोडलं नाही. नातं जोडायला पैसा लागतो, आणि पैसा कुणाला द्यायचा हे सातबारा बघून ठरतं.

सरकारी दप्तरात या माळाचं नाव काय? पडीक. ज्यावर तीनशे शेरडं चरतात, ज्यावर लांडगा आणि काळवीट राहतं, ते पडीक! हा शब्द नीट ऐका. गावकुसाबाहेरच्या माणसालाही हीच नजर बघत आलीय. उपयोग नसलेला, हलवता येणारा, कुठंही टाकता येणारा. माळढोक आणि आपण एकाच रकान्यात नोंदले गेलोय.

गायरानाचं तेच. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या ६ डिसेंबरला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी होती की पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. १९९१ च्या सरकारी निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची वहिवाट कायम करायचं ठरवलं. किती जणांची झाली? कितीजणांच्या चपला तहसीलच्या पायऱ्यांवर झिजल्या? आणि २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची घरं काढायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा राज्यभर पुन्हा तीच घबराट. उद्या याच गायरानावर रानराखणीचा पैसा आला, तर पहिला हुकूम काय असेल? अतिक्रमण हटाव. मोरासाठी महारवाडा हटवला, असं कुणी लिहिणार नाही. लिहितील, अधिवासाचं पुनरुज्जीवन झालं.

दोस्तहो, मी उगीच भिववत नाही. कोल्हापूरचंच बघू.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला दाजीपूर. संस्थानच्या काळातलं शिकारीचं रान. १९५८ साली गव्यासाठी तिथं अभयारण्य झालं, १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात राधानगरी आली. त्यानंतर विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. चंदगड ओलांडलं की बेळगाव, आणि बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कमांडो प्रशिक्षण. म्हणजे रान आणि लष्कर यांचा शेजार नगरपुरता नाही, आपल्याही उंबऱ्यावर आहे. गवा तर उंबरा ओलांडून आला. २०२१ च्या डिसेंबरात गवे कोल्हापूर शहराच्या कडेला फिरले आणि एका तरुणाचा जीव गेला. शहर चार दिवस घाबरलं. रानाच्या कडेचा धनगरवाडा आणि बौद्धवाडा बारा महिने घाबरतो, त्याची बातमी होत नाही.

या रानातल्या माणसाला २००६ च्या वनहक्क कायद्यानं हक्क दिला म्हणतात. दिला, पण कसा? आदिवासी असशील तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखव. आदिवासी नसशील, दलित किंवा धनगर असशील, तर तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं रानात राहिल्याचा पुरावा दाखव. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी गावचं दप्तर कुणाच्या हातात होतं? कुलकर्ण्याच्या. त्यानं आपल्या पणज्याचं नाव कुठं लिहिलं असेल? वेठीच्या यादीत असेल. ती यादी काढा म्हणावं, तीच आमचा पुरावा!

आता पैशाचं. पैसा नाही असं कुणी म्हणू नये. जंगल तोडणाऱ्याकडून वसूल केलेला वनीकरणाचा निधी वर्षानुवर्षं साचला, त्यासाठी २०१६ साली कायदा झाला आणि २०१९ साली केंद्रानं ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम २७ राज्यांना दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८०० कोटींच्या वर आले. हा पैसा रोपं लावण्यात जातो, कुंपणात जातो, गाड्यांत जातो. जे गवताळ रान आहे तिथंही झाडं लावतात आणि माळ मारतात. गवत राखायला लागतो माणूस. उन्हाळ्यात जाळरेषा काढणारा, पाणवठा भरणारा, घरटं दिसलं की गुरं वळवणारा. हे काम कोण करतो? आपलीच माणसं, रोजंदारीवर, चार महिने, पगार थकवून.

काहीजण म्हणतील, लष्कराच्या बाबतीत प्रश्न विचारू नका, देशाचा मामला आहे. अहो, देशाचं आम्हाला सांगू नका. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार पलटण पुन्हा उभी राहिली ती याच बेळगावात. बाबासाहेब सरकारच्या मागं लागले तेव्हा उभी राहिली. त्याआधी इंग्रजानं आमची भरती बंद केली होती, गरज पडली तेव्हा उघडली आणि १९२१ साली पलटण पुन्हा मोडली. माळावर ज्या पोरांना रांगत नेतात त्यांत आपली पोरं आहेत. सराव झालाच पाहिजे, नीट झाला पाहिजे. पण सरावासाठी ज्या आईची शेरडं हाकलतात, तिचाच पोरगा त्या पलटणीत असू शकतो. दोघांचाही हिशेब एकाच देशानं चुकवायचा आहे.

आणि हिशेबाचा मार्ग नवीन शोधायला नको. लष्करी सराव आणि गोळीबाराचा कायदा १९३८ चा आहे, इंग्रजाच्या अमदानीतला. त्यात लिहिलंय की धोक्याच्या क्षेत्रातून माणसं-जनावरं हटवली तर भरपाई द्यायची, आणि त्या हटवण्यामुळं रोजगार बुडाला तर त्याचीही द्यायची. वाचा पुन्हा, रोजगाराची. १९३८ च्या गोऱ्या साहेबाला मजूर दिसला होता. आजच्या योजनाकाराला फक्त खातेदार दिसतो. झारखंडात नेतरहाटच्या आदिवासींनी तर १९९० च्या दशकापासून लढून गोळीबार क्षेत्राची मुदतच वाढू दिली नाही, २०२२ साली राज्य सरकारला तसा निर्णय घ्यावा लागला. आपल्यात भूमिहीनाचा बुडालेला रोज मागायला तहसीलवर किती मोर्चे गेले?

दुसरं उदाहरण घरातलंच. संभाजीनगरला महार रेजिमेंटच्या नावाची प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन आहे. माजी सैनिक पगारावर झाडं लावतात, जगवतात. म्हणजे रान राखणाऱ्याला पगार देता येतो. पैसा खातेदाराला वगळूनही थेट हातात जातो. ठरवलं तर जमतं.

म्हणून चळवळीनं यात उतरावं असं माझं म्हणणं आहे. पाखरं हे वरच्या आळीचे चोचले, असं म्हणून सोडून दिलं तर वरची आळीच यादी करील. मागण्या साध्या आहेत. लष्करी क्षेत्राच्या किंवा अभयारण्याच्या कडेला रानराखणीचा एक रुपया जरी आला, तरी आधी गावातल्या भूमिहीनांची यादी ग्रामसभेत वाचायची. वनहक्काचे आणि गायरानाचे दावे निकालात निघाल्याशिवाय एकही घर हलवायचं नाही. राखणीचं काम बारमाही पगारावर, आणि त्यात पहिला हक्क भूमिहीन बाईमाणसांचा. गोळ्यानं किंवा गव्यानं माणूस मेला तर तो आत का शिरला हे विचारायच्या आधी भरपाई द्यायची. संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा माणूस घ्यावा लागतो, असं कायदाच सांगतो. तो माणूस नेहमीचा पाटीलच का, हे प्रत्येक गावात उभं राहून विचारायचं.

१९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात महार वतन मोडून जमीन कसणाऱ्याच्या नावावर केली. दोन वर्षांनी माणगावात बाबासाहेब आले. शंभर वर्षांपूर्वी या जिल्ह्यात जमिनीचं नाव बदलता आलं होतं. आता राधानगरी, शाहूवाडी, चंदगडातल्या वाचकांना माझं सांगणं आहे, या महिन्यात आपापल्या गावात वनहक्काचे किती दावे फेटाळले आणि कोणत्या कारणानं, एवढं लिहून पाठवा. पोस्टकार्डावर पाठवा, नाहीतर बिंदू चौकात रविवारी हातात आणून द्या. पुढच्या अंकात कविता दोन कमी छापू. ती यादी छापू.

जयभीम.