सख्खा भाऊ आणि विश्वस्त

अपंग अपत्याच्या नावे धानाच्या बांधीचा एखादा तुकडा विश्वस्तांच्या स्वाधीन करून वर संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी तहसील कचेरीत अर्ज करणे म्हणजे सरकारी खजिन्याची राजरोस फसवणूक होय, न्यास हा श्रीमंतांचा चोचला आहे आणि सख्खा भाऊ असता कागदाचे प्रयोजनच काय, असा सिद्धांत आमच्या भंडाऱ्यातील एका विद्वान गृहस्थांनी नुकताच मांडला आहे.

अनुदानाच्या दरमहा २,५०० रुपयांनी जो खजिना फुटेल, त्याला आधीच अन्यत्र भगदाड पडलेले असले पाहिजे. आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा जेथे ५०,००० रुपये, तेथे श्रीमंत शोधावयास दुर्बीणच लागेल. अमेरिकेने तर सरकारी मदतीच्या जोडीला अपंगांसाठी असे न्यास १९९३ साली कायद्यानेच मान्य केले.

भावाचा समाचार मात्र सविस्तर घेतला पाहिजे. आईबाप असेतो प्रेमळ असलेला भाऊ, पुढे धान बुडाले, सोसायटीचे कर्ज थकले, मुलीचे लग्न ठरले, म्हणजे लबाड नसूनही लाचार होतो. सातबाऱ्यावर अपंगाचे नाव राहते, पीक दुसऱ्याच्या कोठीत जाते, आणि एके दिवशी हक्कसोडपत्रावर जो अंगठा उमटतो, तो कोणी धरून उमटविला हे विचारणारा कोणी उरत नाही. भाऊही अमर नसतो. त्याच्यामागून पुतण्या येतो, आणि पुतण्याच्या वात्सल्यावर आमच्या विद्वानांनी अद्याप प्रवचन केलेले नाही. कन्यांच्या वडिलार्जित हिश्श्याचा वाद पेटला, तेव्हाही भावाच्या प्रेमावर विसंबणाऱ्या याच पक्षाने हक्काऐवजी भाऊबीजेची ओवाळणी पुढे केली होती!

उलट न्यास केला, तर १८८२ च्या न्यास कायद्यान्वये विश्वस्ताला हिशेब ठेवावाच लागतो व न्यासाच्या मिळकतीतून स्वतःचा लाभ साधता येत नाही. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे स्थानिक समिती पालक नेमते. त्याने सहा महिन्यांत स्थावराची यादी आणि दरसाल हिशेब द्यावयाचा असतो. भाऊच विश्वस्त वा पालक झाला तरी आमची हरकत नाही. हिशेब द्यावा म्हणजे झाले. अनुदानातून मीठमिरची भागावी, न्यासातून औषध, चाकाची खुर्ची, सोबतीचा माणूस. शासनाने एवढेच करावे की, न्यासातून या बाबींवर होणारा खर्च उत्पन्नाच्या दाखल्यात धरू नये असा स्पष्ट निर्णय काढावा. ही गोष्ट तलाठ्याच्या मर्जीवर सोडू नये.