आधी गाव, मग ग्रंथ

मुकुंदराजांचा विषय निघाला की मराठी समीक्षेला प्रथम त्यांचे गाव आठवते, ग्रंथ नंतर. ‘विवेकसिंधु’ शके १११०चा (इ. स. ११८८) मानावा की नाही, तो बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस रचला गेला की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्यास, या वादात पिढ्यांची विद्वत्ता खर्ची पडली. उपलब्ध पोथ्यांची भाषा उत्तरकालीन वाटते, म्हणून काळाविषयीची शंका रास्तच. पण तिच्या निरसनापर्यंत वाचनच तहकूब ठेवण्याचे कारण काय?

प्राचीन ज्यू रब्बींच्या संहितांचे अभ्यासकही कोण, कोठे, केव्हा यांतच दीर्घकाळ गुंतले होते. जेकब न्यूस्नर यांनी १९६२मध्ये योहानान बेन झक्काई या रब्बीचे चरित्र लिहिले. १९७०मध्ये मात्र त्यांनीच त्याच्या नावावरील वचने कोणत्या संग्रहात, कोणत्या घाटाने येतात याची छाननी केली. इ. स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’तील मतभेदांची मांडणीच पुढे अर्थवाहक म्हणून वाचली जाऊ लागली.

‘विवेकसिंधु’ही गुरुशिष्यसंवादच आहे. शिष्याची शंका सिद्धान्ताला कोठे अडवते, ओवी युक्तिवाद कसा पेलते, हे विचारण्यास कवीचा पत्ता लागत नाही. ‘अद्वैतपर ग्रंथ’ म्हणून तो तत्त्वज्ञांच्या हवाली करणे ही तर निव्वळ पळवाट. अंबाजोगाईच्याच दासोपंतांच्या (१५५१–१६१५) पासोडीची गत वेगळी नाही. कापडाची सुमारे ४० फूट लांबी सर्वांना मुखोद्गत. त्यावरील ‘पंचीकरण’ वाचणारा विरळा.