एक्स्पायर झालेल्यांची नोंद

गोंदियाच्या बाजारात, तहसील कचेरीच्या आवारात किंवा देवरीकडे निघालेल्या एसटीत कोणाच्या मृत्यूची वार्ता निघाली, की सांगणारा हल्ली बहुधा 'ते एक्स्पायर झाले' असेच म्हणतो. आणि ज्या भाषेत वारणे, निवर्तणे, देवाज्ञा होणे, कैलासवासी वा पैगंबरवासी होणे असे ज्याच्या त्याच्या श्रद्धेस व दर्जास शोभणारे प्रयोग हात जोडून उभे आहेत, त्या भाषेच्या लेकरांस औषधाच्या वेष्टनावरील शब्द अधिक सभ्य वाटावा, याचे नवल करण्याचे दिवस आता सरले. आपल्याकडे वाहनाचा परवानाही एक्स्पायर होतो. मात्र शुल्क भरून नूतनीकरण करून घेण्याची त्याची सवलत माणसास अद्याप लागू झालेली नाही.

सरकारी दप्तराने सौजन्याची ही चिंता कधीच वाहिली नाही. मध्यप्रांताच्या अमदानीत, गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग असताना, गावच्या कोतवालाने ठाण्यात दिलेल्या जन्ममृत्यूच्या वर्दी कोतवाल बुकात उतरत. तेथे नाव, जात, गाव आणि तारीख असे, शोक नसे. परंतु १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यातील नातवंडे जात पडताळणीसाठी १९५० किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा धुंडाळू लागली, म्हणजे ज्या आजोबांची घरात तसबीरही उरलेली नसते, त्यांच्या मृत्यूची तीच रुक्ष नोंद कामास येते. जिवंतांच्या जातीस मृतांची साक्ष लागावी, हा आपल्या कारभाराचा न्याय होय.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांत निबंधकाकडे, म्हणजे खेड्यात ग्रामपंचायतीत, द्यावयाची असते. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. तेरवीचे जेवण कोणी मुदतीबाहेर जाऊ देत नाही, नोंद मात्र राहून जाते. आणि मग वारसांचा फेरफार तलाठ्याच्या दप्तरी अडून धानाच्या बांध्या सातबाऱ्यावर मयताच्याच नावे पिकत राहतात.

तेव्हा माणूस वारला म्हणावे की एक्स्पायर झाला म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. नोंद तेवढी २१ दिवसांच्या आत करावी.